वर्गातल्या टेस्टसाठी डिजिटल टूल निवडताना: बेळगाव सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी

क्लस्टर मीटिंग झाली की शिक्षकांच्या ग्रुपवर चारपाच ॲपच्या लिंका येतात, कुणी म्हणतं हे घ्या, कुणी म्हणतं ते फुकट आहे, आणि पंधरा दिवसांनी त्यातलं एकही वर्गात चालू नसतंय. कारण सरळ आहे, ॲप आधी निवडलं जातं आणि ते कशासाठी वापरायचं हे नंतर बघितलं जातं. म्हणून मी उलटीकडनं सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सरकारी आणि अनुदानित मराठी शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, बंगळूरच्या इंटरनॅशनल स्कूलसाठी नाही, तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात टॅबलेट आहे असं कुठंच धरलेलं नाही.

आधी ठरवा, उत्तरं हातात आल्यावर काय करणार

टेस्ट घेण्याआधी स्वतःला एकच विचारायचं, याचा निकाल बघून उद्या सकाळी वर्गात मी काय वेगळं करणार आहे? उत्तर नसेल तर ती टेस्ट कागदावर घ्या नाहीतर फोनवर, फरक काही पडत नाही.

आपल्याकडं वर्षात टेस्टचे प्रसंग तसे ठरलेले आहेत. जूनमध्ये सेतुबंधची (मागल्या इयत्तेच्या उजळणीची) पूर्वपरीक्षा, मग चार एफए (आकारिक चाचण्या), दोन एसए (संकलित परीक्षा), आणि यांच्या मधे रोजचं "कळलं का रे?" असतंच. यातल्या प्रत्येकाला वेगळं टूल लागतं. सेतुबंधला कुठलं मूल कुठं अडकलंय ते कळायला पाहिजे, रोजच्या तपासणीला पाच मिनिटांच्या वर वेळ जाता कामा नये, एफएला नोंद आणि पुरावा लागतो. एकाच ॲपमध्ये हे सगळं बसवायला गेलं की काहीच धड होत नाही.

आणि टूलपेक्षा प्रश्न महत्त्वाचा, हे मी शंभरदा सांगीन. सहावीच्या अपूर्णांकाचं उदाहरण घ्या. १/२ + १/३ किती? पर्याय असे ठेवा: ए ५/६, बी २/५, सी २/६, डी १/६. आता बघा की, बी निवडणारा वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवतोय, त्याला अपूर्णांक म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही. सी वाल्यानं छेद सहा बरोबर काढलाय पण अंश बदललेच नाहीत, याला फक्त सममूल्य अपूर्णांक परत दाखवले की पुरे. डी वाल्यानं बेरजेच्या जागी गुणाकार केलाय. म्हणजे "तीस पैकी अठरा बरोबर" या आकड्यापेक्षा "बारा चुकले त्यातले नऊ बी वर" हे कळणं जास्त कामाचं, कारण त्यावरनं उद्याचा तास ठरतो. जे टूल मुलागणिक कुठला पर्याय निवडला ते दाखवत नाही, नुसते मार्क आणि टक्के दाखवतं, ते कितीही रंगीत असलं तरी मी घेणार नाही.

मग आपल्याकडं काय आहे ते खरं खरं लिहून काढा

एका कागदावर लिहा. शाळेत चालणारे कॉम्प्युटर किती (स्टॉक रजिस्टरमध्ये आहेत तितके नव्हे, चालू होणारे), स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे का, वर्गात नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात येतं, लाईट साधारण कधी जाते, आणि तुमच्या स्वतःच्या फोनचा कॅमेरा आणि बॅटरी कशी आहे.

खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडं जुलै-ऑगस्टच्या पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि एफएचं पहिलं काम नेमकं पावसातच येतं. तिथल्या शाळेनं इंटरनेटवर चालणारं टूल मुख्य म्हणून ठेवूच नये. निपाणी, बेळगाव शहर, उचगाव, येळ्ळूर अशा ठिकाणी नेटवर्कची तेवढी अडचण नाही, पण तिथं वेगळा प्रश्न आहे. घरातला एकुलता एक स्मार्टफोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या कारखान्यात शिफ्टला, निपाणीकडचे कागल-कोल्हापूरला. फोन घरी येतो रात्री. म्हणून पालकांना "स्मार्टफोन आहे का?" असं विचारून भागत नाही, "फोन घरी कधी असतो आणि मुलाला किती वेळ मिळतो?" असं विचारा. घरून करायची टेस्ट असेल तर मुदत रविवार रात्रीपर्यंत ठेवा, आणि ज्यांच्याकडं फोन नाहीच त्यांना तेच प्रश्न कागदावर सोमवारी द्या. आणि घरची टेस्ट मार्कांत धरू नका, ती सरावालाच ठेवा, कारण फोन नाही म्हणून एखाद्या मुलीचे मार्क कमी होणं हे मला अजिबात पटत नाही.

भाषेची परीक्षा आधी टूलची घ्या

आपल्या शाळांची ही खास अडचण आहे आणि ॲप विकणाऱ्या कुणाच्या ध्यानात ती येत नाही. आपल्या वर्गात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या चालतात. तेव्हा कुठलंही टूल घेण्याआधी पाच प्रश्नांची एक टेस्ट त्यात घालून बघा: एक मराठी जोडाक्षरांचा (सूर्य, कृष्णा, तऱ्हा, विद्यार्थी असे शब्द घालून), एक कन्नड लिपीतला, एक अपूर्णांकाचा, एक चित्राचा, एक रिकामी जागा भरा. आणि ती तुमच्या नव्या फोनवर बघू नका, एखाद्या पालकाच्या चार वर्षं जुन्या स्वस्तातल्या फोनवर उघडून बघा. अक्षरं तुटतात का, वेलांटी भलतीकडं जाते का, प्रश्न लांब झाला तर पर्याय स्क्रीनच्या खाली जातात का, हे पाच मिनिटांत कळतं.

रिकामी जागा भरा हा प्रकार ऑनलाईन फार फसवा आहे. गूगल फॉर्ममध्ये क्विझ करताना शॉर्ट आन्सरचं बरोबर उत्तर तुम्ही टाईप करून ठेवता आणि फॉर्म ते अक्षराला अक्षर लावून बघतो. तुम्ही देवनागरीत १२ टाईप केलं आणि मुलानं इंग्रजी आकड्यात बारा लिहिलं तर फॉर्मच्या लेखी ते चूक. विज्ञानाच्या पेपरात "सूर्य" च्या जागी मुलानं "सुर्य" लिहिलं तर मार्क शून्य, आणि तुम्ही तर ऱ्हस्व-दीर्घ तपासत नव्हताच. एखादं मूल उत्तराच्या पुढं "आहे" लिहितं, तेही चूक. यावर उपाय दोन. एक तर आन्सर की मध्ये एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं टाकता येतात, तिथं दोन्ही आकडे, दोन्ही स्पेलिंग घाला. नाहीतर असे प्रश्न सरळ पर्यायी करा आणि लिहायचं काम वहीत ठेवा. मी दुसरा मार्ग धरतो. आणखी एक करा, मार्क लगेच दाखवायची सेटिंग बंद ठेवून "नंतर तपासून" वर ठेवा, म्हणजे तुम्ही नजर टाकल्याशिवाय मुलाला चुकीचा शून्य दिसत नाही, पण ही सेटिंग लावली की फॉर्म ईमेल मागतो, ते नको असेल तर पर्यायी प्रश्नच बरे.

कन्नडच्या सरांना किंवा मॅडमना या चाचणीत बसवाच. मुलांना सगळ्यात जास्त मदत कन्नडमध्ये लागते आणि टूल ठरवताना कन्नड शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे बदलायला पाहिजे.

एकाच फोनवर चालणारी टूल्स

बहुतेक शाळांची परिस्थिती हीच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

प्लिकर्स: यात मुलांच्या हातात फोन लागत नाही, प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळतं. कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर ती बाजू वर धरून मूल कार्ड उचलतं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरनं फिरवता आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यानं शेजारच्याचं बघून कॉपी करता येत नाही. लाजरी मुलं, जी कधी हात वर करत नाहीत, त्यांचंही उत्तर येतं, आणि मला या टूलमधलं हेच सगळ्यात आवडतं.

कार्डं त्यांच्या साईटवरनं फुकट डाऊनलोड होतात, झेरॉक्सवाल्याकडं जरा जाड कागदावर प्रिंट काढा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर उजेड चमकला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. खिडकी मुलांच्या पाठीमागं असेल तरी तोच त्रास, तेव्हा उभं राहायची जागा आधी बघून ठेवा. मुलांना शिकवायचं एकच, कार्ड कडेनं धरायचं, बोट नक्षीवर यायला नको. कार्डाचा नंबर आणि हजेरीचा नंबर एकच ठेवा, नाहीतर वर्षभर घोळ. फुकटच्या प्लॅनमध्ये एका सेटमध्ये थोडेच प्रश्न बसतात, पण रोजच्या तपासणीला तीन प्रश्न पुरतात. इंटरनेट लागतं ते फक्त तुमच्या फोनला.

एक युक्ती सांगतो. प्रश्न ॲपमध्ये टाईप करायची गरजच नाही. ॲपमध्ये नुसतं "प्रश्न १" लिहा, बरोबर पर्याय सांगा आणि खरा प्रश्न फळ्यावर खडूनं लिहा. अपूर्णांक, भूमितीची आकृती, कन्नड शब्द, सगळं फळ्यावर नीट येतं, फॉन्टची कटकट संपली आणि टीव्ही-प्रोजेक्टरचीही गरज राहिली नाही.

झिपग्रेड: हे फोनवरचं ओएमआर, म्हणजे गोल रंगवलेली उत्तरपत्रिका मशीननं तपासायची पद्धत. वीस, पन्नास, शंभर प्रश्नांच्या उत्तरपत्रिका छापायच्या, मुलं गोल काळे करतात, तुम्ही फोन वर धरून चार कोपऱ्यांचे चौकोन कॅमेऱ्यात बसवले की पेपर तपासून होतो. तपासताना इंटरनेट लागत नाही, म्हणून नेटवर्क नसलेल्या गावाला हे प्लिकर्सपेक्षा बरं. फुकटात महिन्याला ठराविकच पेपर स्कॅन होतात, त्यामुळं मोठ्या शाळेला ते अपुरं पडतं. मी हे मुख्यतः दोन वर्गांसाठी सुचवीन. पाचवीची मुलं नवोदयच्या परीक्षेला बसतात तिथं ८० प्रश्न ओएमआरवर असतात. आठवीला एनएमएमएस ही केंद्र सरकारची स्कॉलरशिप परीक्षा, दोन्ही पेपर प्रत्येकी ९० प्रश्नांचे, तेही ओएमआरवर, आणि पास होऊन निवड झाली तर वर्षाला १२,००० रुपये स्कॉलरशिप. गरीब घरातल्या मुलाला विषय येत असतो पण गोल रंगवताना एक ओळ चुकली की पुढचं सगळं सरकतं. सराव पाहिजे तो याचाच.

फोनचा साधा व्हॉईस रेकॉर्डर: याला कुणी टूल म्हणत नाही पण दुसरी-तिसरीला माझ्या मते यापेक्षा चांगलं काही नाही. मुलाला पुस्तकातला एक उतारा वाचायला लावा, एक मिनिट रेकॉर्ड करा, फाईलला हजेरी नंबर आणि तारीख द्या. तीन महिन्यांनी तितकाच उतारा परत. दोन्ही फाईली पालकसभेत आईला ऐकवा, प्रगतीपुस्तकातल्या ग्रेडपेक्षा तिला त्यातनं जास्त कळतं. मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातल्या कुठल्या पायरीवर आहे हे ठरवायला प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणाची पद्धत वापरा, ती मराठीतही आहे. नली-कलीच्या (पहिली ते तिसरीच्या, कृतीतनं शिकायच्या) वर्गात तर स्क्रीनवरची टेस्ट नकोच, तिथं मूल बोलताना, वाचताना, करताना बघायचं असतं.

टीव्ही, लॅब आणि घर

स्मार्ट टीव्ही आणि उत्तरं द्यायला काही फोन असतील तर कहूट चालतं, मुलांना फार आवडतं, पण त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त पॉईंट मिळतात आणि सावकाश वाचणारं मूल येत असूनही मागं पडतं. पॉईंट बंद करता येतात, ते करा, किंवा टीम करून एका फोनवर चारपाच मुलं बसवा. तरी ते उजळणीलाच ठेवा, मार्क द्यायला वापरू नका. क्विझिझ, ज्याचं नाव २०२५ मध्ये वेग्राउंड झालं, त्यात मूल आपल्या वेगानं सोडवू शकतं, त्या दृष्टीनं ते बरं.

हायस्कूलला दहाबारा चालू कॉम्प्युटरची लॅब असेल आणि नेट नसेल तर कोलिब्री बघा. एका लॅपटॉपवर ते टाकायचं, साधा वायफाय राऊटर लावायचा, बाकीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये उघडतं, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. क्विझ देता येते आणि मुलागणिक रिपोर्ट मिळतो. बसवायला एक दिवस आणि कॉम्प्युटर जाणणारा एक माणूस लागतो. तो माणूस बदली होऊन गेला तर पुढं कोण बघणार हे आधीच ठरवा, नाहीतर सहा महिन्यांनी त्यावर नुसती धूळ.

घरच्या सरावाला गूगल फॉर्मच सोपा, पालकांना लिंक उघडायची सवय झालेली आहे. प्रश्न आठ-दहाच ठेवा, कारण मूल लॉगिन न करता भरत असेल आणि मधेच पान बंद झालं तर भरलेलं सगळं जातं. व्हॉट्सॲपचा पोल टेस्टसाठी वापरू नका, कुणी काय उत्तर दिलं ते सगळ्या ग्रुपला दिसतं, आणि हुशार मुलानं आधी टिक केलं की बाकीचे त्याच्या मागनं.

तयार प्रश्नपेढ्यांच्या बाबतीत सावध

मराठीत तयार टेस्ट शोधायला गेलात तर मिळतं ते जवळपास सगळं महाराष्ट्राच्या, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकावरचं. सरकारच्या दीक्षा ॲपवरही मराठी माध्यम निवडताना बोर्ड कुठलं निवडलंय ते बघा. आपली पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, मराठीत असली तरी धडे वेगळे, समाजविज्ञानाचा क्रम वेगळा, गणितातला एखादा भाग एक वर्ष पुढंमागं. तयार टेस्ट तशीच दिली की मुलाला न शिकवलेलं विचारलं जातं आणि ते "कच्चं" ठरतं. एआयकडून प्रश्न काढून घेणाऱ्यांनीही हे बघावं, त्याला धड्याचा मजकूर स्वतः दिल्याशिवाय प्रश्न मागू नका, आणि आलेली मराठी एकदा मोठ्यानं वाचा, चुकीचे पर्याय तर स्वतःच लिहा, कारण आपली मुलं कुठं चुकतात ते तुम्हालाच माहीत.

मुलांची माहिती

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं मूल म्हणजे बालक आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. आपण सोप्यात सोपा मार्ग धरायचा: टूलमध्ये पूर्ण नाव नको, हजेरी नंबर आणि फार तर पहिलं नाव, फोटो नाही, पालकाचा फोन नंबर नाही, आधार तर नाहीच नाही. जे ॲप प्रत्येक मुलाचं ईमेल नाहीतर ओटीपी मागतं ते बाजूला ठेवा. एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) बैठकीत काय वापरणार आहोत ते सांगून ठरावात लिहून घ्या, उद्या कुणी विचारलं तर कागद असतो.

फुकट म्हणजे किती फुकट

वर्गात मुलं किती चालतात, एका टेस्टला प्रश्न किती, रिपोर्ट किती दिवस राहतो, आणि तो एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, एवढं बघा. शेवटचं नसेल तर नको. एसएटीएसला (सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलला) मार्क भरताना एकेक आकडा स्क्रीनवरनं उतरवत बसायचं असेल तर कागदच बरा होता. हजेरी नंबराच्या क्रमानं यादी निघाली पाहिजे. एफएचा पुरावा म्हणून प्रिंट फाईलला लावा, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधनं कुणी बघायला आलं तर ॲप उघडून दाखवण्यापेक्षा कागद लवकर समजतो.

एका वर्गावर आधी करून बघा

सगळ्या शाळेत एकदम सुरू करू नका. एक वर्ग, एक विषय, एक महिना. पहिल्यांदा तेच प्रश्न टूलवर आणि काही दिवसांनी वहीत घ्या. एखाद्या मुलाचे वहीत चांगले आणि टूलवर कमी आले तर विषय येतोय, टूल अडवतंय, मग त्याच्याजवळ बसून बघा कुठं अडतंय: वाचायला, कार्ड धरायला, की घाई होतेय. दुसरं, घड्याळ लावा. प्रश्न तयार करणं, टेस्ट घेणं, निकाल बघणं यात कागदापेक्षा जास्त वेळ जात असेल तर महिन्यानंतर सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही. दोन शिक्षकी शाळेत तर वेळ हीच सगळ्यात महाग गोष्ट.

दहावीच्या वर्गाला एक वेगळं सांगतो. २०२१ च्या जुलैत कोरोनामुळं एसएसएलसी पर्यायी प्रश्नांवर झाली होती, ते एकदाच. आता मुलाला बोर्डाचा पेपर हातानं लिहायचा असतो, मराठी प्रथम भाषेचा तर सगळ्यात जास्त, १२५ पैकी १०० मार्कांचा. निबंध, पत्र, भूमितीची रचना, गणितातल्या पायऱ्या हे कुठल्याही टूलवर येत नाही. म्हणून दहावीला डिजिटल टेस्ट धडा संपल्यावर पाच मिनिटं, बाकी वही आणि पेन.

महिना संपला की तुमचे प्रश्न क्लस्टरमधल्या बाकीच्या मराठी शाळांना द्या, कारण प्रत्येकानं तेच अपूर्णांकाचे प्रश्न परत परत टाईप करण्यात अर्थ नाही. शेअर करताना गूगल फॉर्मची एडिट करायची लिंक नको, तुमच्या मुलांची उत्तरं त्यातनं दुसरीकडं जातात, फॉर्मची कॉपी करून ती द्या, नाहीतर सरळ वर्डची फाईल. फाईलच्या नावात इयत्ता, विषय, धड्याचा नंबर आणि पुस्तकाचं वर्ष घाला, कारण पुस्तक बदललं की जुना प्रश्न कुठला ते नावावरनंच कळलं पाहिजे. आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढं मूल तिथं का जातं ते एका ओळीत लिहा, म्हणजे जांबोटीच्या मॅडमना तुमचा प्रश्न वापरताना तुम्हाला फोन करावा लागणार नाही.